पेशवेकालीन की नुसताच जुना?

प्रश्न : तिवंध्याजवळ आमचा वाडा आहे. तो पेशव्यांच्या एका सरदाराचा, असं आजोबा सांगत. आता भावकीत पाडायचं ठरतंय. त्याआधी तो कोणी बांधला हे कळेल का?
– एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : नाशकात घरात मधोमध मोकळा चौक आणि कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्यांचं छत, दिसला की लोक सरळ ‘पेशवेकालीन’ म्हणून मोकळे होतात. माझा यावर राग आहे. सरदार मोजके होते, वाडे शेकड्यांनी. सराफ बाजारातला सरकारवाडा पेशव्यांचा, त्यात वाद नाही. पण तिथे पोलीस ठाणं इतकी वर्षं नांदलं, की नवख्याला सरकारवाडा म्हणजे चौकीच वाटते! राघोबादादांचा आनंदवल्लीचा वाडा तर गेला; आनंदीबाईंचं नाव तेवढं गावाला उरलं.

आधी भिंत बघा. कुठे गिलावा निघाला असेल तिथली वीट पातळ, चपटी असेल तर आजोबांच्या बोलण्यात तथ्य असू शकतं. जाड, साच्यातली इंग्रजी वीट आणि सज्जाला ओतीव लोखंडाचे कठडे दिसले, तर बांधकाम बहुधा इंग्रजी अमदानीतलं. छपरावर मात्र भिस्त ठेवू नका. मंगळुरी कौलांचे कारखाने निघाले १८६०च्या दशकात. पुढे कित्येकांनी जुन्या वाशांवर तीच चढवली.

मग कागद. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका घ्याच, पण चौकशी नोंदवहीचा उताराही मागा; मोजणीच्या वेळी धारक कोण होता आणि हक्क कशावरून सांगितला, ते त्यात सापडतं. घराणं मूळचं बाहेरगावचं असेल तर नाशकातल्या तीर्थोपाध्यांकडे जा. त्यांच्या वह्यांत आडनाव आणि मूळ गावावरून पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात. घरात मोडी कागद असतील तर रद्दीत जाऊ देऊ नका, जाणकाराकडून वाचून घ्या.

आणि सरदार नाही निघाला तर हिरमुसू नका. तिळभांडेश्वर गल्लीत कुठला सरदार राहत होता? तिथे सावरकर बंधूंचा मित्रमेळा, म्हणजे त्यांची क्रांतिकारक संघटना, जमायचा, पायांनी अधू असलेले आबा दरेकर, म्हणजे कवी गोविंद, त्यासाठी पोवाडे रचायचे. १९०४ साली त्याच मेळ्याचा ‘अभिनव भारत’ झाला. तुमच्या वाड्यात कोण बिऱ्हाडकरू होते, माडीवर शिकवणी चालायची की सोनाराची भट्टी, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा. पुरुष मालकी सांगतात, बायका माणसं सांगतात.

प्रश्न : बिल्डर म्हणतो, जुनं लाकूड आम्हीच उचलून नेऊ, तुम्हाला त्रास नको. द्यावं का?

उत्तर : फुकटात मुळीच नको. जुनं सागवान घनफुटावर विकलं जातं. खांब, तुळया, दारं मोजून यादी करा, दोन वखारवाल्यांकडून भाव घ्या आणि करारात लाकडाचं वेगळं कलम घाला. त्याआधी वाड्याचा नकाशा काढून घ्या, प्रत्येक खणाचे फोटोही.