तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग) बघायचेत? सुरुवात अशी करा

८० मिमीची दुर्बीण आणि व्हिडिओ कॅमेरा सुरुवातीला पुरेसा आहे. दुर्बिणीला ताऱ्यांमागे फिरवणारी मोटर मात्र हवीच. कॅमेरा काही सेकंद प्रकाश साठवतो, म्हणूनच डोळ्याला न दिसणारा आकार स्क्रीनवर उमटतो.

पहिलं लक्ष्य एम४२, म्हणजे मृग नक्षत्रातला तेजस्वी तेजोमेघ. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण सापडला की जरा दक्षिणेला सरका. अश्वमुख या अंधुक तेजोमेघाच्या मागे आत्ताच लागू नका, नवखे तिथेच हिरमुसतात.

सगळ्यात जास्त वेळ फोकसला द्या. व्याधावर दुर्बीण लावा, पुढे बाख्तिनोव्ह मास्क (फोकससाठीची खाचांची जाळी) बसवा. ताऱ्यातून तीन रेषा निघतील. मधली रेष बाकी दोघींच्या बरोबर मध्ये आली की स्क्रू आवळा. फोकस चुकला तर अंधुक तेजोमेघ पसरून दिसेनासाच होतो.

नेहमीच्या चुका:
- गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) पूर्ण वाढवणं. मध्यावर ठेवा, एक्सपोजर (प्रकाश साठवायचा वेळ) ५ सेकंदांपासून वाढवत न्या. तारे लांबट झाले की मागे या.
- चांदण्या रात्री बसणं. अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा.
- गच्चीवरच अडून राहणं. सोलापूर शहराचा उजेड टाळायला बार्शी रोडने नान्नजच्या पुढे जा, ओळखीच्या शेतात बसा. तिथल्या माळढोक अभयारण्यात शिरू नका.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रात्रीही हवा तापलेली असते आणि गरम सेन्सर स्क्रीनभर ठिपके उठवतो. दुर्बिणीला झाकण लावून त्याच एक्सपोजरच्या डार्क फ्रेम घ्या, सॉफ्टवेअर ते ठिपके वजा करतं. फिल्टर, गाइडिंग (तारा धरून दुर्बीण अचूक फिरवणं) वगैरे नंतर बघू. आधी एम४२ नीट दिसू द्या, मग कळवा!