चर्चच्या तरुण संघाचा नवा सेक्रेटरी झालास, अभिनंदन, पण सुरुवातीलाच "सर्व वयोगटांसाठी कार्यक्रम" असं पोस्टर लावू नकोस रे

मी लावलं होतं, आले कोण तर आमचेच अकरा जण आणि चहा मात्र साठ कपांचा.

म्हाताऱ्यांना भाषण नको असतं, त्यांना काम दे. आमच्याकडे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग पोरांना कीबोर्डवर नीट जमेनात, ते मुळात टाळ-मृदंगावर भजनासारखे म्हणायचे ना, मग एका आजोबांना प्रॅक्टिसला बोलावलं, तर पहिले दोन शनिवार नुसते ओरडलेच, ताल कुठे चाललाय म्हणून, तिसऱ्या शनिवारी स्वतःच्या घरचे टाळ घेऊन आले. आता पोरं त्यांना घरून आणतात-सोडतात आणि खरी दोस्ती त्या गाडीवरच होते.

आणि हो, स्क्रीन लावली म्हणून गीतांची पुस्तकं कपाटात टाकू नकोस, मी टाकली होती, मागच्या बाकावरच्या आज्या गायच्याच बंद झाल्या आणि मला कळायला महिना लागला.

कापणीच्या सणाला लोक चर्चमध्ये धान्य-भाजी आणून देतात त्याचा लिलाव पोरांच्या हातात दे, पण शेजारी जुना माणूस बसव, कारण कोणाचा भोपळा कोण हट्टाने घेणार हे त्यालाच माहीत असतं. नाताळात घरोघर गाणी म्हणायला जाताना जे उपासनेला येऊ शकत नाहीत त्यांची घरं आधी घ्या, रात्री एक वाजता आजीला उठवण्यात काय अर्थ आहे.

महिला मंडळाशी मात्र किचनच्या चावीवरून भांडू नकोस, हरशील.