'सिनिक' : व्यायामशाळेवरून की कुत्र्यावरून?

प्रश्न : 'सिनिक' हा इंग्रजी शब्द कुत्र्याच्या ग्रीक नावावरून आला, असे आमच्या वाचक मंडळातील एक सदस्य सांगतात, दुसऱ्यांच्या मते तो अथेन्समधील एका व्यायामशाळेच्या नावावरून आला. यांतील ग्राह्य कोणते?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : इंग्रजी शब्द लॅटिनमार्गे ग्रीक 'कुनिकोस'पर्यंत जातो आणि 'कुनिकोस' म्हणजे कुत्र्यासारखा, एवढे निर्विवाद आहे. सॉक्रेटिसचा शिष्य अँटिस्थेनिस 'कुनोसार्गेस' नावाच्या व्यायामशाळेत शिकवीत असे व त्यावरून काहींच्या मते सिनिक या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ-पंथाला नाव पडले, अशी नोंद इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील चरित्रकार डायोजिनिस लेर्शियस करतो. अकादमी आणि स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञ-पंथांची नावेही स्थळांवरूनच पडलेली असल्याने हे म्हणणे सहज पटते.

मला मात्र कुत्र्याचा पक्ष बळकट वाटतो. रांजणात राहणारा, चारचौघांत खाणारा आणि लोकलज्जेची पर्वा न करणारा सिनिक तत्त्वज्ञ, सिनोपीचा डायोजिनिस (वरील चरित्रकार वेगळा) हयातीतच 'कुत्रा' म्हणून ओळखला जात असावा; कारण ॲरिस्टॉटल आपल्या 'ऱ्हेटोरिक' या वक्तृत्वकलेवरील ग्रंथात एकाचा उल्लेख 'कुत्रा' एवढाच करतो आणि तो डायोजिनिसच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. व्यायामशाळेच्या कथेमुळे पंथाचा धागा अँटिस्थेनिसमार्फत थेट सॉक्रेटिसला जोडता येतो, आणि ही गुरुपरंपरा पुढे सिनिकांमार्फत सॉक्रेटिसशी नाते सांगणाऱ्या स्टोइकांना सोयीची होती, हेही ध्यानात घ्यावे.

संस्कृत शिकलेल्या वाचकांना यात ओळखीचे काही दिसेल. ग्रीक 'कुओन'ची षष्ठी 'कुनोस' होते, तशी संस्कृत 'श्वन्'ची 'शुनः'. (हे रूप साधणाऱ्या 'श्वयुवमघोनामतद्धिते' या सूत्रात पाणिनीने कुत्रा, तरुण आणि इंद्र यांना एकाच पंगतीला बसविले आहे.) मात्र ग्रीकांनी शब्द संस्कृतातून उचलला, असा निष्कर्ष काढू नये, दोन्ही शब्द एकाच आदिम इंडो-युरोपीय मुळाचे आहेत आणि इंग्रजी 'हाउंड'ही त्याच कुळातला.

अर्थाचा प्रवास अधिक विचित्र आहे. सुखी जीवनाला सद्गुण पुरेसा आहे, असे मानणाऱ्या पंथाचे नाव आज कोणाच्याही सद्हेतूवर विश्वास नसलेल्या माणसाला लागते. विचार मागे पडला आणि बोचरी जीभ तेवढी उरली. इंग्रजीत हा भेद केवळ पहिल्या अक्षराच्या आकाराने दाखवितात, तर जर्मन भाषेने प्राचीन पंथासाठी 'क्यूनिस्मुस' आणि आजच्या वृत्तीसाठी 'त्स्यूनिस्मुस' असे दोन स्वतंत्र शब्द राखले आहेत.