मागाच्या शहरातील मानसशास्त्रज्ञ

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. केले असून औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र हा माझा विशेष विषय होता. पुण्यातील एका कंपनीच्या एचआर विभागात नोकरी मिळू शकते. परंतु माझा ओढा अध्यापन व संशोधनाकडे आहे. घरच्यांना तो मार्ग बेभरवशाचा वाटतो. काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : घरच्यांची शंका निराधार नाही. पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि नेट किंवा सेट या पात्रता परीक्षा एवढ्यावर सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करता येतो. जुलै २०२३ पासून त्या पदाला पीएचडी सक्तीची राहिलेली नाही, मात्र पुढील पदांसाठी ती लागते. सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. तेथवर पोहोचण्याआधी अनेकांची उमेदीची वर्षे तासिका तत्त्वावर शिकवण्यात जातात, हेही घरी स्पष्ट सांगावे. म्हणून केवळ नेट नव्हे, त्याच परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळवण्याचाच प्रयत्न करावा.

खरा प्रश्न मात्र संशोधनाचा आहे. आपल्याकडे एकाच महाविद्यालयातील शंभरेक जणांना छापील प्रश्नावली वाटून कार्यसमाधान मोजणाऱ्या प्रबंधांचे उदंड पीक येते. तुम्ही त्यात भर घालू नये. कामाच्या ठिकाणच्या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये केलेले काम मुळातून अभ्यासा. तेथे स्वयंचलित माग आले, पण उत्पादन अपेक्षेइतके होईना आणि कापडातील दोषही कमी होईनात, कारण कामाचे तुकडे अशा रीतीने पाडले होते की कोणता कामगार कोणाबरोबर काम करतो हेच स्पष्ट नव्हते. ठरावीक मागांची जबाबदारी एका लहान गटाकडे देण्याची कल्पना पुढे येताच कामगारांनी स्वतःच गट बांधले; सुरुवातीच्या चढउतारांनंतर उत्पादन वाढले आणि दोष घटले.

चादर आणि टॉवेल विणणाऱ्या तुमच्या शहरात हा विचार लगेच उचलता येईल, परंतु जसाच्या तसा नव्हे. मोठ्या गिरण्या बंद पडल्या. आता काम विखुरलेल्या यंत्रमाग कारखान्यांत चालते आणि मालक बरेचदा कामगाराच्याच समाजातला असतो. पूर्व भागातील तेलुगूभाषक महिला घरी बिड्या वळतात, त्यांना तर सहकारी, पर्यवेक्षक, कामाची वेळ हे पाठ्यपुस्तकातील शब्द कसे लागू करायचे, येथूनच सुरुवात करावी लागेल. कामाचा मोबदला वळलेल्या बिड्यांवर ठरत असताना नापास बिड्यांचा निवाडा न्याय्य वाटतो की नाही, एवढा एक प्रश्नही पीएचडीला पुरेल. त्यासाठी कामचलाऊ तेलुगू शिकावी लागेल आणि असा विषय मनापासून स्वीकारणारा मार्गदर्शक शोधावा लागेल. विषय आधी ठरवून मग मार्गदर्शकाकडे जावे.

पुण्याची नोकरी नाकारण्याची घाई नको. कारखान्याच्या आत वावरण्याचा अनुभव संशोधनात उपयोगी पडतो. फक्त जेआरएफला वयाची अट आहे, हे लक्षात ठेवून नोकरीची वर्षे आधीच ठरवून घ्या आणि अभ्यास सुरू ठेवा.