अडगळीतले इंग्रजी शब्द : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आपल्या पासपोर्टच्या आतल्या पानावर, धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावे, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आहे. ‘लेट’ म्हणजे ‘करू देणे’ असे आम्ही शाळेत शिकलो. मग ‘लेटशिवाय जाऊ द्यावे’ याचा अर्थ कसा लावायचा? ही छपाईतली चूक तर नव्हे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चूक नाही. हा ‘लेट’ निराळाच शब्द आहे आणि त्याचा अर्थ अडथळा असा आहे. जुन्या इंग्रजीत ‘होऊ देणे’ आणि ‘अडवणे’ या अर्थांची दोन स्वतंत्र क्रियापदे होती. त्यांच्या उच्चारांतला फरक पुढे पुसला गेला आणि परस्परविरुद्ध अर्थांचे दोन शब्द एकाच रूपात नांदू लागले. शेक्सपिअरच्या काळी दोन्ही चलनात होते. बापाच्या भुतामागे निघालेल्या हॅम्लेटला सोबती धरून ठेवू पाहतात, तेव्हा जो मला ‘लेट’ करील त्याचेच भूत करून टाकीन, असे तो बजावतो. आजच्या अर्थाने वाचले तर हे बोलणे नेमके उलटे होते आणि विद्यार्थी तिथे हमखास अडखळतात.

असे दोन शब्द एका भाषेत फार काळ टिकणे कठीणच होते. अडवण्याचा ‘लेट’ बोलण्यातून गेला, पण ठरीव मजकुरात अडकून राहिला. ब्रिटिश पासपोर्टवरही हीच शब्दजोडी आहे. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून योग्य चौकटीत पडला की पंच ‘लेट’ पुकारतात, तोही बहुधा हाच. आपण गाडी ‘लेट’ झाली म्हणतो, त्या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे असले तरी तो या ‘लेट’चा सख्खा नातेवाईक आहे, कारण अडवणे म्हणजे मुळात उशीर करणेच होते.

एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी बसवण्याची कायद्याच्या इंग्रजीला जुनी खोड आहे. आपल्या खरेदीखतांतले ‘राजीखुशीने’ आठवले तर त्याचे फारसे नवल वाटणार नाही. पासपोर्टच्या त्याच पानावरील हिंदी मजकुरात ‘रोक-टोक’ हा जोडशब्द आहे. अर्थ हवा असेल तर तोच वाचावा, कारण तो इंग्रजीपेक्षा सरळ आहे.

प्रश्न : प्रार्थनांत देवाला ‘दाऊ’ म्हणतात, त्याअर्थी ‘दाऊ’ हे ‘यू’पेक्षा अधिक आदराचे रूप असावे, असे मी वर्गात सांगते. ते बरोबर आहे का?
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. ‘दाऊ’ म्हणजे आपले ‘तू’, आणि ‘यू’ हे मूळचे अनेकवचन, म्हणजे ‘तुम्ही’. तेराव्या शतकापासून फ्रेंच रिवाजाच्या प्रभावाने एकट्या वरिष्ठालाही ‘यू’ म्हणण्याची पद्धत इंग्रजीत रुजली आणि ‘दाऊ’ घरच्या माणसांसाठी, कनिष्ठांसाठी व अपमानासाठी उरले. 1603 मध्ये सर वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी बाजू मांडणारे एडवर्ड कोक भर न्यायालयात ‘दाऊ’ या सर्वनामाचे क्रियापद करून रॅलीवर ओरडले. त्याचे मराठी अगदी सहज होते : मी तुला अरेतुरेच करतो, द्रोह्या! पुढे त्याच शतकात क्वेकर पंथीयांनी लहानथोर सर्वांना एकच एकवचनी संबोधन वापरण्याचा आग्रह धरला, आणि या ‘उद्धटपणा’पायी त्यांना लोकांचा रोष व मारही सोसावा लागला.

मग देवाला ‘दाऊ’ का? 1611 च्या बायबलच्या भाषांतरात हिब्रू व ग्रीक मुळाप्रमाणे प्रत्येक एकवचनाला ‘दाऊ’ आणि अनेकवचनाला ‘यी’ किंवा ‘यू’ योजले आहे. तिथे राजा, चोर आणि परमेश्वर या सर्वांना ‘दाऊ’च आहे. बोलण्यातून ‘दाऊ’ सरले, प्रार्थनेत राहिले, आणि नंतरच्या पिढ्यांना ते भारदस्त वाटू लागले. विठोबाला ‘तू’ म्हणणाऱ्या वारकऱ्याचे उदाहरण वर्गात दिलेत, तर मुलांना हे एका वाक्यात कळेल.

प्रश्न : इंग्रजी शब्दकोशांत काही शब्दांपुढे ‘आर्केइक’, तर काहींपुढे ‘ऑब्सोलीट’ असते. या दोहोंत फरक काय? आणि कोशात शब्द आहे म्हणजे तो कधीतरी वापरात होता, असे धरायचे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ‘आर्केइक’ शब्द जुनाट असतो, पण वाचणाऱ्याला कळतो आणि मुद्दाम जुना सूर लावण्यासाठी लेखक तो वापरतात, ‘विदर’, म्हणजे ‘कोणीकडे’, हा त्यातला. ‘ऑब्सोलीट’ शब्द वापरातून पूर्णपणे गेलेला असतो. परवा या अर्थाचा ‘ओव्हरमॉरो’ हा शब्द 1535 च्या कव्हरडेल बायबलमध्ये आहे, पण आज इंग्रजाला परवा म्हणायला चार शब्द खर्चावे लागतात. (हा शब्द त्यांनी टाकायला नको होता, असे माझे मत आहे.) ऑक्सफर्डचा मोठा कोश मृत शब्दापुढे कट्यारीची खूण करतो, मात्र एकदा घेतलेला शब्द तो काढत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : बहुतेक वेळा धरावे, नेहमी नाही. वेबस्टरच्या 1934 च्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ हा शब्द घनता या अर्थाने छापला गेला. मुळात 1931 मध्ये रसायनशास्त्राच्या संपादकांनी ‘मोठा डी किंवा लहान डी’ हे घनतेचे संक्षेप आहेत, अशी चिठ्ठी पाठवली होती. ती संक्षेपांच्या गठ्ठ्याऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि ‘डी ऑर डी’चा जोडून ‘डॉर्ड’ झाला. या शब्दाला व्युत्पत्तीच नाही, हे 1939 मध्ये एका संपादकाच्या नजरेस आले, तेव्हा ही भानगड उघडकीस आली. अशा शब्दांना ‘घोस्ट वर्ड’ हे नाव वॉल्टर स्कीट यांनी 1886 मध्येच देऊन ठेवले होते.

प्रश्न : आजोबांना आलेल्या एका व्यापारी पत्रावर 4 मार्च 1938 ही तारीख असून आत ‘आपले 20 अल्ट.चे पत्र’ असा उल्लेख आहे. हा कोणता महिना?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : फेब्रुवारी. ‘अल्ट.’ म्हणजे अल्टिमो, अर्थात मागील माहे, ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू माहे आणि ‘प्रॉक्स.’ म्हणजे पुढील माहे. महिना मोजताना पत्र लिहिल्याची तारीख धरावी, पाकिटावरील पोहोचल्याचा शिक्का धरू नये. महिनाअखेरीस टाकलेल्या पत्रांत त्यामुळे एका महिन्याचा घोळ होतो.