रथ जमिनीला का टेकला?

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. रोज तिन्हीसांजेला ‘शुभं करोति’ म्हणून झाले की मी त्याला महाभारतातील एक गोष्ट सांगते. परवा डब्यातील लाडू कोणी संपवले असे विचारताच तो मोठ्याने “मुंग्यांनी खाल्ले” म्हणाला आणि हळूच “किंवा मी” असे पुटपुटला. मी रागावले, तर म्हणाला, “धर्मराजही असाच बोलला होता ना?” मला उत्तर सुचले नाही. अशा गोष्टी मुलांना सांगूच नयेत का?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : जरूर सांगाव्यात, परंतु अर्ध्यावर सोडू नयेत. आपल्या मुलाने ‘नरो वा कुंजरो वा’ नेमके ऐकले आहे. त्याच्यापर्यंत पोचायचा राहिला आहे तो त्यापुढचा भाग. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि द्रोणाचार्यांनी खरे-खोटे विचारले तेव्हा युधिष्ठिराने ‘अश्वत्थामा मेला’ हे स्पष्ट, तर ‘हत्ती’ हा शब्द अस्पष्ट उच्चारला. तोपर्यंत त्याचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे. त्या क्षणी तो खाली आला. माझी आजी हे सांगताना चार बोटे आडवी करून पाटावर उभी धरी आणि मग हात सावकाश पाटाला टेकवी. त्यावर ती एक शब्दही बोलत नसे. आम्हा भावंडांना मात्र तो टेकलेला हात पुढे कितीतरी दिवस दिसत राहिला.

ही युक्ती अर्जुनाला रुचली नव्हती आणि स्वतः युधिष्ठिरानेही ती मोठ्या कष्टाने मान्य केली, हेही मुलाला सांगावे. युद्ध जिंकण्यासाठी इतरांनी भरीस घातले, तरी शब्द त्याच्या तोंडून गेला होता, म्हणून अखेरच्या स्वर्गारोहण पर्वात त्यालाही थोडा वेळ नरक पाहावा लागला. हा भाग मूल थोडे मोठे झाल्यावर सांगितला तरी चालेल. व्यासांनी आपल्या सर्वांत सत्यनिष्ठ माणसाची चूक झाकली नाही, मग ती आपण का झाकावी? आणि गोष्ट संपताच ‘म्हणून खोटे बोलू नये’ असे तात्पर्य जोडण्याचा मोह आवरावा. “रथ का टेकला असेल?” एवढेच विचारावे व तो जे सांगेल ते ऐकून घ्यावे.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे लिहिणे मला भाग आहे. नको असलेला फोन आल्यावर “बाबा घरी नाहीत असे सांग” हे वाक्य ज्या घरात मुलाच्या कानावर पडते, तेथे अठरा पर्वे वाचूनही उपयोग होत नाही.

लाडवांचा विषय गोष्टीच्या वेळी काढू नये. पुढच्या खेपेस लाडू वळताना त्याला शेजारी बसवावे आणि भरलेला डबा फळीवर ठेवायला त्याच्याच हाती द्यावा.