प्रेरणादायी बायकांबद्दल वाचून मला उलट लहान वाटतं, काय करू?

"ताई, मी सॅटेलाइटवर काम करणाऱ्या टीममध्ये नवीन आहे. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. बाकीच्यांचे आईवडील इंजिनियर नाहीतर प्रोफेसर, मीटिंगमध्ये ते फाडफाड बोलतात, मी गप्प. मागच्या महिन्यात टेलिमेट्री, म्हणजे सॅटेलाइटवरून खाली येणारे आकडे, बघताना बॅटरीच्या तापमानाचा आकडा विचित्र वाटला पण बोलले नाही, आठवड्याने दुसऱ्याने तेच सांगितलं आणि त्याचं कौतुक झालं. हुरूप येईल म्हणून अंतराळात काम करणाऱ्या मोठमोठ्या बायकांबद्दल वाचते, पण वाचून झालं की वाटतं त्या कुठे आणि मी कुठे. मला चुकून घेतलंय. सोडून देऊ का?"

नको गं, सोडू नकोस. तो आकडा तुला बाकीच्यांच्या आठवडाभर आधी दिसला होता! तू ते चूक कबूल केल्यासारखं लिहिलंयस, पण मला पत्रात सगळ्यात आधी हेच दिसलं की या मुलीची नजर पक्की आहे.

चुकून घेतलंय म्हणतेस ना, मग जोसलिन बेलचं ऐक. उत्तर आयर्लंडची मुलगी, केंब्रिजला पीएचडीला आली आणि तिलाही खात्रीच होती की यांनी आपल्याला चुकून घेतलंय, कळलं की हाकलतील. तिने काय ठरवलं, तर हाकलेपर्यंत काम इतकं नीट करायचं की नंतर स्वतःला दोष द्यायला नको. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी रेडिओ दुर्बीण उभारायला तिने स्वतः घण चालवलाय, आणि दुर्बीण सुरू झाल्यावर रोज जवळजवळ 30 मीटर कागदावर रेघा उमटायच्या त्या सगळ्या ती डोळ्यांनी तपासायची. 1967 मध्ये त्या कागदावर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची एक खरखर दिसली, ओळखीच्या कशातच न बसणारी. गाइडला आधी वाटलं माणसांच्याच कुठल्यातरी यंत्राचा सिग्नल असेल. तिने पिच्छा सोडला नाही, कागद जास्त वेगाने फिरवून परत रेकॉर्ड केलं तर दर 1.33 सेकंदांनी ठोका! जगाला सापडलेला पहिला पल्सार तो, म्हणजे गरगर फिरत ठरावीक वेळाने रेडिओ लहरींचे ठोके पाठवणारा मेलेला तारा. म्हणजे तुझ्यासारखीच धाकधूक तिच्या पोटात होती आणि त्या धाकधुकीमुळेच ती इतकं बारीक बघत होती. 1974 चं नोबेल मात्र तिच्या गाइडला आणि आणखी एका शास्त्रज्ञाला मिळालं, तिला नाही, आणि ते मला अजूनही खुपतं. 2018 मध्ये तिला 30 लाख डॉलरचं बक्षीस मिळालं तेव्हा तिने ते सगळं अशा विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिपला दिलं ज्यांच्यासारखी माणसं फिजिक्समध्ये फार दिसत नाहीत. तुझ्यासारख्यांनाच की गं.

आता बोलण्याचं. अंतराळात गेलेली पहिली बाई म्हणजे सोव्हिएत रशियाची व्हॅलेंतिना तेरेश्कोवा, ती 1963 मध्ये गेली, त्याआधी ती कापड गिरणीत कामाला होती. वर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की यान खाली उतरायच्या ऐवजी वरच्या कक्षेत जाईल अशी दिशा सेट झालीये, हे तिनेच पुढे सांगितलंय. तिने खाली कळवलं, आकडे दुरुस्त झाले, ती परत आली. मी गिरणीतली, मला काय कळतंय असं म्हणत ती गप्प बसली असती तर?

आणि लहान वाटण्याचं खरं कारण मला असं वाटतं की या बायकांचं आपल्यापर्यंत फक्त पोस्टर येतं. तू तुझा रोजचा दिवस त्यांच्या सगळ्यात मोठ्या दिवसाशी लावून बघतेस, मग लहान वाटणारच. एरोस्पेस इंजिनियर डायना ट्रुहियो 17 व्या वर्षी कोलंबियातून अमेरिकेला गेली तेव्हा खिशात 300 डॉलर, इंग्रजी येत नव्हतं, लोकांची घरं साफ करून शिकली. 2021 मध्ये नासाचं पर्सिव्हरन्स रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारं यान, मंगळावर उतरलं तेव्हा नासाचं स्पॅनिशमधलं थेट प्रक्षेपण तिने केलं. तू वाचायची ती मधली वर्षं वाच, घरं साफ करतानाची. वांडा दियाझ-मर्सेडचंही वाच, शिकताना दृष्टी गेली तेव्हा ती आकड्यांचे आवाज करून ऐकायला लागली आणि खगोलशास्त्रातच राहिली.

सगळा प्रश्न तुझ्या मनातच आहे असंही मी म्हणणार नाही. खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिनच्या काळात अमेरिकेतलं प्रिन्स्टन विद्यापीठ खगोलशास्त्राच्या पदव्युत्तर कोर्सला बायकांना घेतच नव्हतं, तिथे आत्मविश्वास वाढवून काय होणार होतं. तेव्हा तुझ्या उच्चारांवर कोणी हसत असेल, तुझं बोलणं मधेच तोडत असेल तर तो त्यांचा दोष आहे, आणि ते टीम लीडला सरळ सांग.

बाकी मीटिंगमध्ये एकदम फाडफाड बोलायची घाई नको. विचित्र आकडा दिसला की त्याच दिवशी चार ओळी लिहून लीडला पाठव: कुठला सेन्सर, किती वाजल्यापासून, आधी किती असायचं, आता किती आहे, सोबत ग्राफ. कारण माहीत नसेल तर तसंच लिही, कारण सगळ्यांनी मिळून शोधायचं असतं. लिहिलेलं असलं की मीटिंगमध्ये तेवढंच वाचून दाखवायचंय, आणि ते तुला जमेल. बॅटरीचं जुनं प्रकरण आता उकरू नकोस, त्याने तुझं काही ढापलेलं नाही, त्यालाही ते दिसलं एवढंच. उलट त्याच्याशीच बोल, मलाही तो आकडा खटकला होता म्हणून सांग आणि कारण काय निघालं ते विचार. टीममध्ये बोलायला एक माणूस तरी मिळेल, आणि सध्या तुला त्याचीच जास्त गरज आहे असं मला तुझ्या पत्रावरून वाटतंय.